दादा ‘आपण’ म्हणाले त्या दिवशी

शिव्या देणारी माणसं असंस्कृत असतात, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं एकदा माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी त्याला बसायला पाट देईन, पाणी देईन आणि माझ्या वडिलांची गोष्ट सांगेन. ती ऐकूनही त्याचं मत बदललं नाही, तर त्याला काय म्हणायचं ते माझ्याजवळ तयार आहे. वडिलांकडून मला दुसरं फारसं काही मिळालं नाही, पण तेवढं मिळालं.

आम्ही डिंगोऱ्याचे. घर शेतातच, विहिरीला लागून. स्वराज्य येऊन सातआठ वर्षं झाली होती, गावावरून एस. टी. जायला लागली होती, पण आमच्या विहिरीवर अजून मोटच होती. पहाटे मोट सुरू झाली की पाण्याच्या आवाजाच्या आधी दादांचा आवाज यायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांना शिवीशिवाय वाक्य उभंच करता येत नसे. ‘पाऊस येणार’ हे दोन शब्द सांगतानासुद्धा ते मध्ये पावसाच्या आईला ओढून आणत.

पण त्यात एक शिस्त होती आणि ती सगळ्या भावकीला पाठ होती. जितका माणूस जवळचा, तितकी शिवी मोठी. बैलांना मधल्या शिव्या, कुत्र्याला किरकोळ. आणि ज्याच्यावर दादा मनापासून उखडले असतील त्याला शिवी मुळीच नाही. त्याला ‘या, बसा, आपण’. तलाठ्याला आपण, फौजदाराला आपण. दादांच्या तोंडून ‘आपण’ ऐकलं की शहाणा माणूस चप्पल शोधायला लागे.

तात्यांनी तर ते सोसलेलंच होतं. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ. दोघे एका वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले, आणि शेतंही बांधाला बांध लागून. एकदा नांगरताना तात्यांनी बांध कोरला असं दादांना वाटलं. त्या दिवसापासून तात्या दिसले की दादा हात जोडून म्हणायचे, ‘रामराम. कसं काय, बरं चाललंय ना आपलं?’ तात्यांची झोप उडाली. ते जुन्नरला जाऊन वकिलाला विचारून आले, की आमच्या भावानं खटला भरलाय का. पुढे केव्हातरी दादांचा राग आपोआप उतरला, आणि एका सकाळी त्यांनी बांधावरून आरोळी ठोकली, “ए भाड्या, च्या निवाया लागलाय! येतोस का तंगडी धरून आनू?” तात्या उपरण्यानं डोळे पुसत आले. त्या दोघांनी बशीतून चहा ओरपत एकमेकांना घातलेल्या शिव्या इतक्या मोठ्या होत्या, की आईनं आम्हां मुलींना गोठ्यात पाठवलं. गोठ्यातही ऐकू येत होतंच.

मला दादा कैदाशीण म्हणत. “कुठं उलथली गं कैदाशीण?” अशी हाक आली की मला बरं वाटायचं. लुगडं नेसायला लागले तेव्हा आईनं एकदा त्यांना सांगितलं, की पोरगी आता मोठी झाली, नावानं हाक मारा. दादांनी दिवसभर नावानं हाका मारल्या. संध्याकाळी मी रडत आईला विचारलं, की माझं काय चुकलं? दुसऱ्या दिवसापासून मी परत कैदाशीण झाले.

आता माझ्या लग्नाकडे येते, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

जुन्नरचे एक मणेर होते, आम्ही त्यांना भाई म्हणायचो. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या गावोगाव फिरून बायकांच्या हातांत बांगड्या भरायचे. अंगणात बसून पोरीचा हात एकदा हातात घेतला, की तिचं वय, तिची तब्येत, तिच्या कामाचा उरक आणि तिच्या आईची काळजी, सगळं त्यांना उमगायचं. त्यामुळं कितीतरी लग्नं त्यांनी जमवली होती. दादांचा त्यांच्यावर फार जीव. म्हणजे काय, तर भाई वेशीकडून येताना दिसले की दादा विहिरीवरूनच शिवी हाणायचे, भाई तिकडून दुसरी परतवायचे, आणि दोघं मधल्या वाटेत गळाभेट घ्यायचे.

माझ्यासाठी घोडेगावचं स्थळ ह्या भाईंनीच आणलं. मुलाचे वडील तिथल्या कचेरीत कारकून, आणि मुलगा एस. टी.त कंडक्टर.

मुलगा मी पाहिलेला होता. त्या काळी असं कुणाला सांगायची सोय नव्हती. आता मला कुणाचं भय नाही, म्हणून सांगते. जुन्नरच्या बाजाराहून येताना त्याच्या गाडीत बसले होते. एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली आणि तिनं कोंबडीला आपल्या शेजारी बाकावर ठेवलं. दुसरा कुणी कंडक्टर असता तर त्यानं म्हातारीचा आणि कोंबडीचा एकदमच उद्धार केला असता. हा म्हणाला, “आजी, मांडीवर घेतलीत तर तिला तिकीट नाही. खिडकीत बसायचं असेल तर मात्र काढावं लागेल.” मी तोंडाला पदर लावला तरी हसू बाहेर आलंच. त्यानं पाहिलं. मला तिकीट दिलं, पुढे गेला, आणि थोड्या वेळानं परत येऊन मलाच विचारलं, “तिकीट?”

शिव्यांच्या घरात वाढलेल्या मला शिवी न देणारा हा मुलगा मनापासून आवडला. त्यामुळं भाईंनी ‘घोडेगावचा कंडक्टर’ म्हटल्याबरोबर माझी तव्यावरची भाकरी करपली. मला हेच घर पाहिजे होतं. हे नाही जमलं तर पुढं काय, ह्याचा विचारसुद्धा करायची माझी तयारी नव्हती.

“पर एक अडचन हाय भाऊ,” भाई म्हणाले. “मुलाचा बाप सोन्यासारखा मानूस. पन शिवी कानावर आली की उठतो. मागल्या ठिकानी पोरगी पसंत पडली व्हती. तेवढ्यात पोरीच्या बापानं कुत्र्याला ‘हाड रांडच्या’ म्हटलं. पावणं अर्धा च्या ठिवून उठलं, ते परत गेलंच न्हाई त्या घरी.”

“मंग कुत्र्याला काय म्हनायचं?” दादांनी विचारलं.

“काय म्हनायचं न्हाई. कुत्रं बांधायचं.”

दादा कारकुनांच्या नावानं काहीतरी पुटपुटले. आई माजघरातून बाहेर आली. आई कधी फार बोलत नसे, पण ठरवलं की ठरवलं. तिनं दादांचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, “पावणं येऊन जाईस्तवर एक शिवी काढायची न्हाई. पोरीची शपथ हाय तुमास्नी.” दादांचा हात जड होता. त्यांनी शपथ घेतली. शिवाय आईनं भाईंना बजावलं, की ह्यातलं अक्षर भावकीत कळता कामा नये. “कळलं तर अख्खं शिवार गोळा व्हईल, ह्यांची फजिती बघाया. कुनी ना कुनी मुद्दाम डिवचंल.”

आईचं म्हणणं बरोबर होतं. पण तिथंच आम्ही फसलो.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दादांनी सराव केला. मोटेवर बैलांना म्हणाले, “चला, चला बरं पुढं.” बैल जागचे हलले नाहीत. थोरल्या बैलानं तर मान वळवून, बोलतंय कोण, हे पाहून घेतलं. मग दादांनी आईवर सराव केला. “अहो, जरा पाणी देता का?” म्हणाले. आईच्या हातातला तांब्याच पडला.

ठरल्या दिवशी सकाळी पाहुणे आले. ओसरीवर घोंगड्या अंथरल्या होत्या, कुत्रं पार मळ्याच्या टोकाला नेऊन बांधलं होतं. मुलाचे वडील उंच, सडसडीत, बंद गळ्याचा कोट घातलेले. बोलणं तोलून मापून. मुलगा खाली मान घालून बसला होता आणि मधूनच माजघराच्या दाराकडे बघत होता. बरोबर मुलाची आईही आली होती. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर, आणि तोंड मिटलेलं. मला पाटावर बसवलं, त्यांनी माझा हात पाहिला, ओटी भरली, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी आत गेले आणि मनात म्हटलं, सासू नापसंत करणार.

आमच्याकडून ओसरीवर दादा, भाई आणि भावकीतले कर्ते म्हणून तात्या. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. स्थळ नको असेल तर घरधन्यानं पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही. घरी आलेल्या माणसाचा तो अपमान होतो. घरधन्यानं गोडच बोलायचं. त्याच्या मनात काय आहे हे भावकीतल्या कर्त्या माणसानं ओळखायचं, आणि काहीतरी निमित्त काढून सोयरीक हळूच मोडून द्यायची. वाईटपणा आला तर भावकीला, घरधनी मोकळा. तात्या ह्या कामात तरबेज होते आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

तोवर शपथेच्या धास्तीनं तोंडच न उघडलेले दादा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “सावकाश बसावं. आपण आलात, लई आनंद झाला.”

मी दाराच्या फटीतून पाहत होते. तात्यांनी दचकून दादांकडे पाहिलं.

“प्रवासाचा आपणास त्रास झाला असंल,” दादा म्हणाले.

तात्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, परत दादांकडे पाहिलं, आणि सावकाश मान हलवली. त्यांना सगळं समजलं होतं. भावाला पाहुणे डोळ्यांसमोर नको होते. इतका संताप त्यांनी बांधाच्या भांडणानंतर पाहिलाच नव्हता. तात्यांनी उपरणं सारखं केलं आणि कामाला सुरुवात केली.

“पावणं, पोर तशी लहान हाय बरं का अजून.”

“अठरा पुरी झाली असं भाई म्हणाले,” कारकून म्हणाले.

“वयानं झाली. समजुतीनं लहान हाय.”

भाईंनी चमकून दादांकडे पाहिलं. दादांना तात्यांचा काही राग आला असणार, पण शिवी काढायची बंदी, आणि शिवीशिवाय तात्यांशी कसं बोलतात हे त्यांना आठवेना. शेवटी ते म्हणाले, “तात्या, आपण जरा थांबावं.”

झालं. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, आपण पुरेसं मोडत नाही म्हणून भाऊ आपल्यावरही चिडला. त्यांनी जोर वाढवला. औंदा कांद्याचं काही खरं नाही, पुढल्या साली बघू. आमच्यात सहसा घोडेगावाकडं मुली देत नाहीत. का, तर तिकडचं पाणी बाधतं. कारकून प्रत्येक निमित्ताला शांतपणे उत्तर देत होते. लग्न साधं करू. पाणी उकळून देऊ. दर उत्तराला दादा घाईघाईनं म्हणत, “आपण म्हणता ते अगदी रास्त हाय!” आणि त्यातून तात्यांना आणखी चेव येई. शेवटी त्यांनी माझ्या मंगळाला हात घातला. माझी पत्रिका कुणी कधी केलेलीच नव्हती.

भाईंनी तात्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तात्यांनी त्यांना डोळा मारला आणि हळूच म्हणाले, “मला समदं कळतंय भाई. तुमी मधी पडू नगा.” भाई काय, स्थळ आणणारा माणूस, जमवायच्याच बाजूचा, त्याचं कोण ऐकणार?

मग भाई पाणी प्यायच्या निमित्तानं माजघराच्या दाराशी आले. कपाळावर घाम. “वहिनी, भाऊला एक तरी शिवी देऊ द्या,” ते कळवळून म्हणाले. “एकच. बारकी. न्हाईतर हा तात्या लग्न मोडून मोकळा व्हतोय.”

“आन् दिली तर पावणं उठत्यात,” आई म्हणाली.

“न्हाई दिली तर तात्या उठवतोय!”

शिवी दिली तरी मोडणार होतं आणि नाही दिली तरी मोडणार होतं. बाहेर तात्या म्हणत होते, “तवा पावणं, मनाला लावून घेऊ नगा, पर...” त्या ‘पर’च्या पुढं काय येतं ते मला ठाऊक होतं. तात्या उपरणं झटकून उभे राहायच्या बेतात होते.

“मी तर म्हनते सुटली म्हनून टाकावं,” आई डोळ्याला पदर लावून म्हणाली. “पर माज्या म्हनन्यानं सुटंना. जिची शपथ तिनंच म्हनायला पायजे.”

आमच्यात शपथेची ही रीतच आहे. ज्याच्या जिवाची शपथ घातली, त्यानं ‘सुटली’ म्हटलं की घेणारा मोकळा. दुसऱ्या कुणी म्हणून उपयोग नाही. पण पाहून झालेल्या पोरीनं, कुणी बोलावल्याशिवाय, पुरुषांच्या बैठकीत जायचं म्हणजे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. तात्यांचा, त्या कारकुनांचा, दादांच्या ‘आपण’चा, आणि तिथं मुकाट्यानं घोंगडीच्या दशा मोजत बसलेल्या कंडक्टरचाही. माझं लग्न, आणि मी सोडून सगळे ते मोडत होते. मोडायचंच असेल तर निदान आमच्या भाषेत तरी मोडू दे, असं म्हणून मी उंबरा ओलांडला.

“दादा,” मी म्हटलं, “सुटली! माजी शपथ सुटली!”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि तात्यांकडे वळले.

“अरं मुडद्या!” दादा म्हणाले. “भाड्या! माज्या पोरीचं सोन्यासारखं लगीन मोडाया बसलास व्हय रं, गाढवीच्या? कुनाच्या बापाचा मंगळ? कुनाला बाधतंय पानी?” ह्याच्या पुढचं मी लिहीत नाही. लिहिलं तरी छापणारा छापणार नाही. ते पुष्कळ वेळ चाललं. त्यात तात्यांचं बालपण आलं, ओढा आला, बांधही आला.

आणि तात्या? तात्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. प्रत्येक शिवीगणिक ते ताठ बसत गेले. शेवटी ते उठले आणि दादांना मिठीच मारली. “आयला! म्हंजी पसंत हाय व्हय तुला? मंग सकाळधरनं आपण-आपण काय लावलंस रांडच्या? माजा जीव गेला की!”

भाई हसत होते, आई दारात रडत होती, दादा घाम पुसत होते. मग आम्हां सगळ्यांना एकदमच पाहुण्यांची आठवण झाली.

कारकून उभे राहिले होते. मला वाटलं होतं, ते चिडलेले असतील. पण ते चिडलेले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि कोटाच्या गुंड्या लावताना बोटं चुकत होती.

“मला क्षमा करा,” ते दादांना म्हणाले. “तुम्ही माणसं चांगली आहात, ते दिसतंय मला. पण हेच शब्द माझ्या आईनं जन्मभर ऐकले. मार खात ऐकले. मी लहानपणी कानात बोटं घालून बसायचो. मला ते सहन होत नाहीत. हसत म्हटले तरी नाहीत.”

दादांची मान खाली गेली. त्या माणसाचं काहीच चुकत नव्हतं. शिवीनं मार खाल्लेला माणूस आमच्या ओसरीवर कधी आलाच नव्हता, म्हणून आम्हाला ते माहीत नव्हतं, इतकंच. आता हे उठून जाणार, हे मला कळलं, आणि अडवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मुलगाही उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

“चला,” कारकून बायकोला म्हणाले.

त्या उठल्या नाहीत.

“चला, उशीर होतोय.”

“तुमी व्हा म्होरं,” त्या म्हणाल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला. जाडाभरडा, आमच्यासारखाच आवाज होता. “मी बसते घटकाभर. मला ही पोरगी पायजे.”

कारकून बघतच राहिले. त्या त्यांच्याकडे न पाहता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, हळू बोलत होत्या. “तुमी कवा मला वावगा शबुद बोलला न्हाई. मारलं न्हाई. तुमच्यासारखा नवरा मिळाया भाग्य लागतं, ते मला ठावं हाय. पर माजा बा ह्यांच्यासारखाच व्हता. निमगाव साव्याला. मला सटवे म्हनायचा. ‘जेवलीस का गं सटवे’ म्हनायचा. त्यो गेल्यापासनं मला कुनी सटवे म्हटलं न्हाई. तुमच्या घरात समदी मला आपण म्हनत्यात. लई मानानं ठिवत्यात. मीच तोंड मिटून बसते, न जानो माज्याच तोंडातनं काय निघंल म्हनून.” त्यांनी नाक पुसलं. “आज लई वर्सांनी मान्सांत बसल्यावानी वाटलं. मला कुनीतरी बोलाया पायजे घरात. ही पोरगी न्यायची.”

मुलगा आईकडे असा बघत होता, जणू तो तिला पहिल्यांदाच पाहत होता. कारकून कोटाच्या गुंडीला हात लावून तसेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट दिसलं नाही. पण ते बायकोकडे पाहत होते आणि दाराकडे गेले नाहीत.

दादा पुढे झाले. पुन्हा ‘आपण’ म्हणणार की काय, असं मला वाटलं. त्यांनी आधी कारकुनांकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. मग त्या बाईंच्या पुढची चहाची कपबशी उचलली, हात लावून पाहिली, आणि परत त्यांच्यासमोर ठेवली. इतका हळू आवाज दादांना काढता येतो, हे मला माहीत नव्हतं.

“मंग घे की गं सटवे,” ते म्हणाले. “निवाया लागला.”

त्यांनी दोन्ही हातांनी बशी धरली. एक घोट घेतला, डोळ्यांतलं पाणी गालावरून सरळ खाली आलं, तेही त्यांनी पुसलं नाही.

“साखर कमी हाय मुडद्या,” त्या म्हणाल्या.

कारकून खाली बसले.